कवळी चालत गेली त्याची गोष्ट

आमच्या घरातून आईचे दात आजवर एकदाच चालत बाहेर गेले आहेत. तेव्हा आई त्यांच्यासोबत नव्हती.

हे कसं झालं ते सांगायचं तर माझ्या मनगटापासून सुरुवात करावी लागेल. मी सतीश. सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर आहे. दिवसभर मोठमोठी मशिनं दुरुस्त करून घेतो, त्यामुळे घरातलं काहीही आपण दुरुस्त करू शकतो असा माझा समज आहे. (घरच्यांचा तसा समज नाही, पण त्यांना विचारतं कोण.) दिवाळीच्या आधी हॉलमधला पंखा पुसायला मी स्टुलावर चढलो. नीलिमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की स्टूल हलतंय. मी तिला समजावून सांगितलं की स्टूल हलत नाही, फरशीला उतार आहे. पुढचं मला नीट आठवत नाही. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, बोटांना बारीक काम देत राहा, नाहीतर ती आखडतील. ही बातमी घरात पोचली मात्र, बारीक कामांची रांगच लागली. आईने मला कापसाच्या वाती वळायला बसवलं. नीलिमाने मेथी निवडायला दिली, मग लसूण, मग मटार. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुक्ताने व्हिडिओ कॉलवर बापाला मटारच्या ढिगामागे बसलेलं पाहिलं आणि तिला माझी दया आली. चार दिवसांनी कुरिअरने एक खोका आला. वर चार पायांच्या एका यंत्राचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, वय वर्षे दहा आणि पुढे. मी चोपन्नचा आहे. म्हणजे पात्र होतो.

खोक्यात प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, आठ छोट्या मोटरी होत्या, एक बोर्ड, एक बॅटरी, दोन गोल डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर आणि मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू. सगळं जोडायचं आणि मग मोबाइलवरून त्याला चालवायचं. सोबत एक माहितीपत्रक होतं. ते मी बाजूला ठेवलं. तीस वर्षं मशिनरीत काढलेल्या माणसाने दहा वर्षांच्या मुलासाठी छापलेला कागद वाचत बसावं, हे मला बरं वाटेना.

नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आई पेपर घेऊन सोफ्यावर बसली, नीलिमा पोळ्या अर्धवट टाकून आली. मी मोबाइलवर पुढे जाण्याचं बटण दाबलं. यंत्र उभं राहिलं, जरा थरथरलं आणि ठाम पावलं टाकत मागे मागे गेलं, ते थेट सोफ्याखाली.

मी सगळे पाय उलटे बसवले होते. सोळा स्क्रू काढून पुन्हा बसवणं आलं. मी थोडा विचार केला आणि त्यापेक्षा डोळे काढून मागच्या बाजूला लावले. आता ज्याला मागे म्हणत होतो ते पुढे झालं. यंत्र बरोबर चालायला लागलं.

"हा खेकडा आहे," आई चष्म्यावरून बघत म्हणाली. तेच त्याचं नाव पडलं.

आईबद्दल सांगायला हवं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. पंचवटीतल्या एका शाळेत तिने हयातभर मराठी शिकवलं. अजूनही आम्ही भाजीबाजारात गेलो की कोथिंबिरीच्या गाडीमागून एखादा टक्कल पडलेला माणूस येतो आणि तिच्या पाया पडतो. आई त्याला त्याच्या बापाच्या नावासकट ओळखते आणि त्याच्या शुद्धलेखनाची चौकशी करते. ताठ बसते, स्वच्छ बोलते. तिच्या तोंडून शब्द असे पडतात की प्रत्येकाखाली रेघ मारलेली वाटावी. आणि हे सगळं ती ज्या वरच्या-खालच्या दोन कवळ्यांच्या जोरावर करते, त्या कवळ्यांबद्दल आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. सोसायटीत नाही, नातेवाइकांत नाही. दात काढले ते तीन आठवडे तिने घसा बसल्याचं कारण सांगून मौन पाळलं होतं. कवळी नसताना तिला माझं नावसुद्धा म्हणता येत नाही. सतीशचा 'फतीफ' होतो. म्हणून कवळी काढली की ती बोलतच नाही, बोट दाखवते.

तर खेकडा चालू लागला. इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. माझ्या बोटांना मात्र अजून बारीक काम हवं होतं.

पहिली अडचण पायांची. गुळगुळीत फरशीवर ते घसरत होते. मी ओट्याखालच्या खणातून कुकरची जुनी रिंग शोधून काढली, तिचे तुकडे कापले आणि पायांना चिकटवले. खेकड्याची पकड उत्तम झाली. रात्रीची डाळ मात्र शिजेना, तेव्हा कळलं की जुनी रिंग कुकरमध्ये होती आणि मी नवी कापली होती. दुसरी अडचण ताकदीची. मी जास्त ताकदीच्या मोटरी मागवल्या आणि मोठी बॅटरी बसवली. तिसरी अडचण डोळ्यांची. समोर काही आलं की सेन्सर खेकड्याला थांबवायचा, आणि आमच्या घरात समोर सतत काहीतरी असतंच. मी सेन्सरची वायर काढून टाकली. डोळे शोभेला ठेवले.

मग मिठाईच्या खोक्याचं झाकण मी त्याच्या पाठीवर बसवलं आणि खेकडा घरात सामान पोचवू लागला. आईचा चष्मा हॉलमधून तिच्या खोलीत. मीठ स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत. (टेबलावर त्याला चढता येत नसे. पण टेबलापर्यंत.) आई आधी नाक मुरडायची, पण हळूहळू तिला त्याची सवय झाली. चष्मा घेऊन खेकडा डुलत डुलत दारात आला की ती त्याला "नीट चाल, पाय घासू नकोस" असं सांगायची. मलाही ती लहानपणी हेच सांगायची.

एकच गोष्ट खटकत होती. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये फ्रिज आहे. खेकडा फ्रिजपाशी आला की मोबाइलशी त्याचा संपर्क तुटायचा आणि तो जागच्या जागी थांबायचा. मग उठून जाऊन त्याला ढकलावं लागायचं, आणि जायचंच असेल तर मीठ हातानेच का आणू नये, असं नीलिमा विचारायची. मी मुक्ताला फोन करून म्हटलं की प्रोग्राम बदलून दे. संपर्क तुटला तर थांबायचं नाही, शेवटचा हुकूम पाळत पुढे चालत राहायचं.

मुक्ता नको म्हणाली. ती म्हणाली, "बाबा, तो थांबतो ती त्याची सेफ्टी आहे."

मी तिला आठवण करून दिली की मी कारखान्याच्या सुरक्षा समितीवर आहे. तिने एक सुस्कारा टाकला आणि बदल करून पाठवला. खेकडा फ्रिज ओलांडून जायला लागला. मला फार समाधान वाटलं.

जानेवारीत आईच्या शाळेतून पत्र आलं. माजी विद्यार्थ्यांनी मिळून जुन्या शिक्षकांचा सत्कार ठरवला होता आणि शिक्षकांच्या वतीने आईने बोलायचं होतं. आई आठ दिवस भाषण लिहीत होती. लिहायची, खोडायची, दार लावून मोठ्याने म्हणून बघायची. मी तिला एवढं खुशीत बाबा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती तशी बोलायची, हसायची, पण त्या आठ दिवसांत ती पुन्हा बाई झाली होती. मला पाणी आणायला सांगतानासुद्धा आधी वर्गाकडे पाहिल्यासारखी पाहायची.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता. तिला न्यायला तिचाच एक विद्यार्थी येणार होता, रामनाथ जाधव. दिंडोरीकडचा मोठा द्राक्ष बागायतदार. आम्ही म्हसरूळला, दिंडोरी रोडलाच राहतो, त्यामुळे त्याला वाटेवरच होतं. साडेतीनला बेल वाजली. दारात साठीला टेकलेला, कडक इस्त्रीचा, भरघोस मिशांचा माणूस द्राक्षांचं क्रेट घेऊन उभा होता आणि चपला काढताना घाबरलेला दिसत होता.

"बाई कुठायत?" त्याने हळू आवाजात विचारलं.

बाई आतल्या खोलीत पैठणी नेसून तयार होत्या. मी त्याला बसवलं. तो म्हणाला, आणखी एक क्रेट आहे, लिफ्टचं दार बंद होऊ नये म्हणून मध्ये ठेवून आलोय, पाणी पिऊन तेवढं घेऊन येतो. आमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बरोबर आमच्या दारासमोर. मी म्हटलं, सावकाश आणा, दार उघडंच राहू दे.

इतक्यात आईच्या खोलीचं दार दोन बोटं उघडलं आणि नीलिमाला खूण झाली. आईची कवळी स्वयंपाकघराशेजारच्या बेसिनवर, पाण्याच्या डबीत राहिली होती. आता ती हॉलमधून, जाधवांच्या देखत, खोलीत पोचवायची होती. नीलिमा म्हणाली की मी पदराखाली घेऊन जाते. दहा सेकंदांचं काम होतं.

मी म्हटलं, थांब.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, पदराखाली काही नेलं तर माणसाला संशय येतो. पण पाठीवर रुमालाने झाकलेलं ताट घेऊन एक यंत्र चालत गेलं, तर माणूस यंत्राकडे बघेल, रुमालाखाली काय आहे ते बघणार नाही. शिवाय जाधवांना खेकडा दिसेल. एका दगडात, म्हणजे एका फेरीत, दोन कामं होतील. नीलिमाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि द्राक्षं धुवायला निघून गेली. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत.

मी डबीतलं पाणी ओतलं, डबी बंद करून मिठाईच्या झाकणावर ठेवली, वर पांढरा रुमाल घातला आणि खेकड्याला सोडलं. तो फ्रिजपाशी आला. फ्रिज ओलांडला. हॉलमध्ये शिरला. आता फक्त उजवीकडे वळवायचं होतं. मी बटणावर अंगठा ठेवला आणि फोन वाजला.

शाळेतून फोन होता. बाई निघाल्या का, थोडं आधी आणता येईल का, पार्किंग कुठे करायचं, असं ते विचारत होते. हॉलमध्ये आवाज नीट येत नाही म्हणून मी बाल्कनीत गेलो. फोन उचलताच मोबाइलचा आणि खेकड्याचा संबंध तुटला होता. माझ्या सूचनेनुसार तो शेवटचा हुकूम पाळत पुढे चालत राहिला.

मी दोन-तीन मिनिटांनी आत आलो. हॉल रिकामा. उजवीकडे आईच्या खोलीचं दार अजून दोन बोटं उघडं, आणि त्या फटीतून एक बोट बाहेर आलेलं. ते बोट 'कुठे आहे' असं विचारत होतं. दारातून जाधव दुसरं क्रेट घेऊन आत येत होते. त्यांच्यामागे लिफ्टचं दार बंद होत होतं.

मी विचारलं, "तुम्हाला इथे एक चालणारं यंत्र दिसलं का?"

"हो, आत्ताच गेलं की लिफ्टमध्ये," जाधव म्हणाले. "मी क्रेट बाजूला घेऊन वाट दिली त्याला. रुमाल होता ना वर, मला वाटलं शेजारी कुणाकडे प्रसाद पाठवताय."

लिफ्टवरचा आकडा बदलला. तीन. दोन. तिथे थांबला.

मी जिन्याने पळालो. चोपन्नाव्या वर्षी एक हात छातीशी धरून जिना उतरणं हे दिसायला चांगलं नसतं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लिफ्ट निघून गेली होती, म्हणून तसाच खाली पार्किंगमध्ये गेलो. तिथे आमचे वॉचमन काशिनाथ खुर्चीवर बसले होते. हरसूलकडचे, अतिशय शांत माणूस. त्यांच्यासमोर एक पालथं घमेलं होतं आणि ते घमेलं पार्किंगमधून सावकाश माझ्या दिशेने येत होतं.

"लिफ्टमधून उतरला आपला आपला," काशिनाथ म्हणाले. "कोणाचा हाय ते कळंना. गाडीखाली जायचा म्हणून झाकून ठेवला. ऐकत नाय."

मी घमेलं उचललं, खेकड्याची बॅटरी काढली. झाकण होतं, रुमाल एका पायात अडकला होता. डबी नव्हती. मी काशिनाथना विचारलं की याच्या पाठीवर काही होतं का. ते म्हणाले, काय होतं? आईचं जे गुपित तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं, ते पार्किंगमध्ये उभं राहून कसं सांगणार? मी म्हटलं, डबी होती. कसली डबी? महत्त्वाची. काशिनाथ मोठ्या मनाने टॉर्च घेऊन गाड्यांखाली शोधायला लागले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर फडके बाईंचा मेसेज होता. फडके बाई आमच्या सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर राहतात. मेसेज असा होता: 'लिफ्टमध्ये एका डबीत दातांच्या दोन कवळ्या सापडल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जाव्यात. कृपया लिफ्टमध्ये वैयक्तिक वस्तू ठेवू नयेत.' सोबत फोटो होता. आईचे दात फोटोत हसत होते. खाली आठ जणांनी अंगठे उमटवले होते.

मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. फडके बाईंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत सगळा वृत्तांत दिला. लिफ्टचं दार उघडलं तर आत एक खेळणं भिंतीला धडका देत होतं आणि खाली ही डबी पडली होती. खेळणं त्यांनी तसंच खाली जाऊ दिलं. खेळणं कुणाचंही असू शकतं, पण दात असे कुणीही टाकून जात नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मग डबी कुठाय?" मी विचारलं.

"नानांना देऊन आले ना वरती. आपल्या बिल्डिंगमध्ये कवळी त्यांचीच. मेसेज टाकल्यावर आठवलं मला." मग त्या थांबल्या. "तुम्ही का विचारताय?"

मी 'सहज' असं म्हणालो आणि पाचव्या मजल्यावर पळालो.

पाचव्या मजल्यावरचे नाना हे ऐंशी पार केलेले गृहस्थ. ते दुपारचे झोपले होते. सुनेने त्यांना उठवून डबी हातात दिली आणि म्हणाली, अहो, तुमची कवळी लिफ्टमध्ये सापडली. नाना अर्धवट झोपेत. त्यांची स्वतःची कवळी बाथरूममध्ये ग्लासात होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आत गेलो तेव्हा ते पलंगावर बसून जबडा डावी-उजवीकडे हलवून बघत होते.

मी त्यांना सांगितलं की ही बहुतेक तुमची नाही. नानांनी ती काढून हातात धरली, उजेडात नेली, नीट पाहिली.

"माझी नाही," ते शेवटी म्हणाले. "पण बसते छान. डॉक्टर कोण?"

मी त्यांच्या सुनेसमोर कवळी साबणाने धुतली, डबीत घातली आणि जिना उतरलो. त्या एका मजल्यात मी काय सांगायचं ते ठरवत होतो. लिफ्ट बंद पडली होती म्हणावं. डबी फ्रिजमागे गेली होती म्हणावं. पण आईने खोटं बोलणं पकडण्यात आयुष्य घालवलं आहे. न केलेल्या गृहपाठाची सगळी कारणं तिला पाठ आहेत. मी तिच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ग्रुपवरचा फोटोही दाखवला.

आई पैठणीत ताठ बसली होती. भाषणाचे कागद मांडीवर होते. तिने डबीकडे पाहिलं. मग वर बोट केलं, म्हणजे पाचव्या मजल्याकडे. मी मान हलवली. तिने डबीचं झाकण लावलं आणि ती लांब सरकवली.

नीलिमा म्हणाली की आपण औषधाने नीट स्वच्छ करू, दहा मिनिटं लागतील. आईने मान हलवून नको म्हटलं. जाधवांनी बाहेरून विचारलं की बाईंना बरं नाही का, आपण कळवू या का शाळेत. मी खाली बघत उभा होतो. एवढ्या वर्षांनी ती एक दिवस पुन्हा वर्गासमोर उभी राहणार होती आणि तो दिवस मी एका प्लास्टिकच्या खेळण्याच्या पाठीवर ठेवून घालवला होता. मला खरोखरच वाईट वाटत होतं. मी म्हटलं, आई, माझं चुकलं. तिने भाषणाचे कागद घडी करून पिशवीत टाकले, उठली, आणि पदर सारखा करून दाराकडे बोट दाखवलं. निघायचं.

गाडीत जाधवांनी एकदा यंदा थंडी बरी पडली म्हणून सांगितलं, पण ते कुणी पुढे नेलं नाही.

शाळेचं सभागृह भरलं होतं. पुढे शाळेतली मुलं, मागे त्यांच्या वयाच्या तिप्पट-चौपट वयाचे माजी विद्यार्थी. शाली झाल्या, नारळ झाले. आईचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली, कागद काढले नाहीत, आणि म्हणाली, "माझ्या विद्यार्थ्यांनो." निदान तिला तेच म्हणायचं होतं. जे ऐकू आलं त्यात वारा जास्त होता. पुढच्या रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. मी मागच्या रांगेत होतो. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं.

आईने त्या पोरांकडे पाहिलं. हसू बंद झालं. मग तिने मंचावरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. दोघांनी तो पुढे ओढून आणला. खडू मिळाला. आईने आपल्या त्या जुन्या, गोल, रेखीव अक्षरात लिहिलं: 'दंत्य वर्ण: त, थ, द, ध, न, ल, स'. त्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'आज गैरहजर. कारण सांगा.'

मग तिसऱ्या रांगेतून जाधवांचा हात वर गेला. साठीचा माणूस अर्धा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, दात नाहीत म्हणून."

"बरोबर," आई म्हणाली. हा शब्द लख्ख आला.

पहिल्यांदा मागची माणसं हसली, मग सगळंच सभागृह. आईही हसली, तोंडावर पदर न धरता. आणि मग तिने पाऊण तास घेतला. जे म्हणता येत होतं ते म्हणत होती, जे येत नव्हतं ते फळ्यावर लिहीत होती, आणि कुठे अर्धा शब्द अडला की सभागृह तो एका सुरात पुरा करत होतं, जशी वर्गात मुलं करायची. आठ दिवस लिहिलेल्या भाषणातलं एक वाक्यही तिने घेतलं नाही. तिने खेकड्याची गोष्ट सांगितली. कुकरची रिंग सांगितली, फ्रिज सांगितला, प्रसाद सांगितला (जाधव लाजले), नाना सांगितले. जी गोष्ट तिने सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती, ती तिने शे-दोनशे लोकांना अगदी व्याकरणशुद्ध सांगितली. माणसं डोळे पुसत होती. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, कोण असेल हो हा मुलगा. मी म्हटलं, कुणास ठाऊक.

शेवटी तिने फळा पुसला आणि सावकाश एक वाक्य लिहिलं: 'माझ्या हाताखालून गेलेली सगळी मुलं शहाणी झाली. एक राहिला.' खाली रेघ मारली. खडू ठेवला, हात झटकले, आणि थेट मागच्या रांगेकडे बघून म्हणाली,

"उभा राहा."

या दोन शब्दांत एकही दंत्य वर्ण नाही. भिंतीपर्यंत स्वच्छ ऐकू आले. मी उभा राहिलो. सगळं सभागृह वळून बघायला लागलं आणि टाळ्या सुरू झाल्या. सत्कार आईचा होता, पण त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मला पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मी आईकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. पण 'बस' म्हणायला स लागतो. त्यामुळे आभारप्रदर्शन आणि राष्ट्रगीत होईपर्यंत मी उभाच होतो.